पाळणा, डबा आणि देणगी

(कलघटगी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धारवाड जिल्ह्याबाहेर कलघटगीचे नाव ज्यांच्या कानावर असते, त्यांच्या कानावर ते बहुधा पाळण्यामुळे पडलेले असते. हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. पण येथील चित्रगारांच्या हातचा सागवानी पाळणा, त्याच्या फळ्यांवर चितारलेले पुराणांतले प्रसंग आणि वर्षानुवर्षे न विटणारे त्याचे रंग यांची कीर्ती गावाच्या आकारमानाहून पुष्कळ मोठी आहे. पहिलटकरणीच्या घरी असा पाळणा येणे ही या मुलखात अपूर्वाईची गोष्ट. मराठी भाषेने तर बाळाला निजवायची वस्तू आणि बारशाला म्हणावयाचे गीत या दोहोंना 'पाळणा' हा एकच शब्द ठेवला आहे.

पाळण्याभोवतीचे मराठी शब्दभांडार पाहण्यासारखे आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या दाट पिवळसर दुधाला 'चीक' म्हणतात. बाळ रडले की आईला 'पान्हा' फुटतो. 'अंगावरचे दूध' आणि 'वरचे दूध' हा जो भेद आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांनी केला, तो कोणत्याही वैद्यकीय परिभाषेइतका नेमका आहे. वरचे म्हणजे बाहेरचे : गाईचे किंवा शेळीचे. आईला दूध पुरेनासे झाले, ती आजारी पडली किंवा बाळंतपणातच गेली, तर ते बोंडल्याने पाजावयाचे. म्हणजे वरच्या दुधाची गरज या समाजाला अनोळखी नव्हती आणि ते पाजणाऱ्या बाईला कोणी अपराधी मानीत नव्हते. ती एक अडचण होती आणि तिच्यावरचा तो उपाय होता.

विसाव्या शतकात या शब्दभांडारात एक पाहुणा शब्द शिरला. गुटगुटीत, गोऱ्यागोमट्या मुलाला मराठी माणसे कौतुकाने 'ग्लॅक्सो बेबी' म्हणू लागली. पुढे त्याच्या जोडीला 'अमूल बेबी' आले. १९६० च्या सुमारास अमूलचे बालअन्न बाजारात आले, त्यामागे म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालअन्न करण्याची शोधून काढलेली रीत होती. परदेशी डबा मागवावा लागू नये, हा त्यातला हेतू स्तुत्यच होता. १९६१ मध्ये नेस्लेचा कारखाना पंजाबात मोगा येथे उभा राहिला. जाहिरात पुढे विसरली जाते, पण तिने भाषेत ठेवलेला शब्द राहतो. सुदृढ बाळाचे चित्र मनात उभे करावयाचे तर डब्याची आठवण व्हावी, इतके हे नाते घट्ट झाले. उपाय म्हणून आलेली वस्तू आदर्श होऊन बसली.

हे केवळ वर्तमानपत्रांतील जाहिरातींनी घडले नाही. डबा घरात आला तो बहुतेक वेळा डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि प्रसूतिगृहाच्या दारातून. आजच्या व्याख्यानाचा विषय या दारापाशी सुरू होतो.

इंग्रजी परिभाषेत ज्याला पुढे स्वतंत्र नाव मिळाले, त्याला मराठीत 'हितसंबंधांचा संघर्ष' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द जड आहे खरा. 'हित' चांगले, 'संबंध'ही चांगला. पण दोघे एकत्र आले की काहीतरी बिनसते, एवढे मात्र त्यातून बरोबर सुचते. एकाच माणसावर दोन निष्ठा असाव्यात, त्यांतली एक त्याच्या पदाची आणि दुसरी त्याच्या देणेकऱ्याची असावी, आणि निर्णयाच्या क्षणी कोणती बोलली हे त्याचे त्यालाही सांगता येऊ नये, अशी ही अवस्था आहे. लाच घेणाऱ्याला आपण लाच घेतो हे ठाऊक असते. येथे घेणारा बहुधा सज्जन असतो, आणि त्याच्या सज्जनपणामुळेच हा प्रश्न अवघड होतो. मराठीत दान, देणगी, अहेर, नजराणा, बक्षिसी, लाच अशी देण्याघेण्याची लांबच लांब उतरंड आहे. 'प्रायोजकत्व' हा नवा शब्द तिच्यात नेमका कोठे बसवावा, हे अजून ठरावयाचे आहे.

आईच्या दुधाच्या बाबतीत या प्रश्नाला एक शारीरिक बाजू आहे, ती आधी ध्यानात घ्यावी लागते. आईचे दूध साठ्यातून येत नाही. मूल जितके ओढते, तितके ते तयार होते. पहिल्या दिवसांत बाळाला बाटली लागली की ओढणे कमी होते आणि ओढणे कमी झाले की दूध आटते. म्हणून प्रसूतिगृहात फुकट मिळालेला डबा संपेपर्यंत मोकळ्या हाताने आलेली बाई घरी परतते तेव्हा गिऱ्हाईक झालेली असते. त्यानंतरचा डबा विकत घ्यावा लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात तो पुरवून पुरवून वापरला जातो, म्हणजे पाणी अधिक आणि भुकटी कमी; आणि पाणी विहिरीचे किंवा ओढ्याचे असते. मग हगवण आणि सुकवण यांची वाट मोकळी होते. नमुना फुकट देण्याचा हा व्यवहार साबणाच्या वडीच्या बाबतीत निरुपद्रवी असेल. येथे तो तसा राहत नाही.

हे पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखविले ते एका डॉक्टर बाईंनी. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे भाषण करताना दूध आणि खून हे दोन शब्द एकत्र आणले. पुढची पस्तीस वर्षे फारसे कोणी ऐकले नाही. १९७४ साली ब्रिटनमधील 'वॉर ऑन वॉन्ट' या सेवाभावी संस्थेने या विषयावरची माईक म्युलर यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. स्वित्झर्लंडमधील तरुणांच्या एका गटाने ती अधिक झोंबणाऱ्या मथळ्याने जर्मनमध्ये छापली आणि नेस्ले कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९७६ साली बर्नच्या न्यायालयाने त्या तरुणांना मथळ्याबद्दल दोषी धरून नाममात्र दंड केला, पण कंपनीला आपल्या जाहिरातीच्या पद्धतीचा मुळापासून फेरविचार करण्याविषयी बजावले. खटला कंपनीने जिंकला, असे कागदावर म्हणता येते. १९७७ साली अमेरिकेत तिच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने या मालाच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते. त्याच अधिवेशनात पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे भाषण झाले होते. भारताने १९८३ साली आपली राष्ट्रीय संहिता केली.

पण संहिता म्हणजे विनंती. तिचा कायदा होण्यास आणखी नऊ वर्षे लागली आणि त्या वाटेवर दोन मराठी मुक्काम आहेत. पहिला मुंबई. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद आणि त्यांचे सहकारी यांची 'अकॅश' ही ग्राहकांच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था या प्रश्नाच्या मागे लागली. दुसरा मुक्काम वर्धा. तेथे ३ डिसेंबर १९९१ रोजी 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' या स्तनपान-प्रसाराच्या संस्थेची स्थापना झाली. १९९२ साली संसदेने अर्भकदुग्ध-पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि अर्भक-आहार यांविषयीचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर बाळाचे वा बाईचे चित्र बंद. आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम, अशी सूचना डब्यावर ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक झाले. फिर्याद करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांबरोबर चार बिगरसरकारी संस्थांनाही मिळाला आणि त्यांत वर नाव घेतलेल्या दोन्ही संस्था होत्या. 'अकॅश'ने १९९४ साली दिल्लीच्या न्यायालयात नेस्लेवर लेबलांवरून फिर्याद केली. सूचना हिंदीत नसणे हा त्यातला एक मुद्दा होता. उत्तरादाखल कंपनीने कायद्यातील तरतुदींच्या वैधतेलाच आव्हान दिले. डब्यावरच्या एका ओळीची भाषा कोणती, हा प्रश्न कोर्टात जाण्याइतका महत्त्वाचा असतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी.

या कायद्याचे एक कलम मराठी वाचकाला विशेष रुचावे. दुधाचे डबे वा बाटल्या कोणालाही दान देता येणार नाहीत, असे सांगून कायदा एकच अपवाद करतो : अनाथालय. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दान ते, जे परत उपकार करू न शकणाऱ्याला दिले जाते. आणि परतफेडीची किंवा फळाची आशा धरून दिलेले ते राजस. संसदेतील मसुदाकारांनी गीता उघडून ठेवली होती, असे मुळीच नव्हे. पण कसोटी तीच निघाली. अनाथालयातले पोर कंपनीला काहीही परत देऊ शकत नाही. प्रसूतिगृहातला डॉक्टर देऊ शकतो, आणि त्याने काही द्यावे असे कोणी त्याला म्हणावेही लागत नाही. त्याने फक्त चिठ्ठी लिहावयाची असते. तीच वस्तू, तोच देणारा. घेणारा बदलला की दानाची जात बदलते.

मूळ कायद्यात डॉक्टरांना दिलेल्या लाभाबाबत तो उघड करण्यावर भर होता. २००३ च्या दुरुस्तीने त्याच्या पुढचे पाऊल टाकले आणि १ जानेवारी २००४ पासून वैद्यकीय मंडळींना आणि त्यांच्या संघटनांना परिषद, बैठक, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, संशोधन यांपैकी कशासाठीही या कंपन्यांकडून पैसा देण्यास मनाई झाली. हा बदल महत्त्वाचा आहे. उघड केले म्हणजे सुटले, ही समजूत फार पसरलेली आहे. परिषदेच्या मंडपावर देणगीदाराचे नाव मोठ्या अक्षरांत लावले तर ते उघड झाले खरे. पण त्याने देणगीदार लाजत नाही, उलट त्याला तेच हवे असते. उघडेपणाने चोरी थांबते; येथे चोरी नव्हतीच, ओशाळेपणा होता, आणि नावाच्या पाटीने तो जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा कंपन्यांचे प्रायोजकत्व न स्वीकारण्याचे नव्वदच्या दशकातच ठरविले होते, हे तिच्या लौकिकाला साजेसे झाले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पीडिॲट्रिक्सला तोच निर्णय घेण्यास २०१९ साल उजाडावे लागले. म्हणजे या एका बाबतीत धडा पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला.

दार बंद झाले की खिडकी शोधली जाते. कंपनीच्या नावाऐवजी 'पोषण संस्था', 'इन्स्टिट्यूट' असे विद्वत्तेचे नाव धारण केलेली, कंपनीच्याच पैशावर चालणारी मंडळे पुढे आली. ती व्याख्याने ठेवतात, ग्रंथ छापतात, तज्ज्ञांना बोलावतात. त्यांतली विद्या खोटी असतेच असे नाही. प्रश्न एवढाच की, कोणता विषय व्यासपीठावर यावयाचा आणि कोणता नाही हे ठरविणारा कोण? २०१९ साली मुदतपूर्व जन्मलेल्या अर्भकांवरील एक अभ्यास देशातील पाच रुग्णालयांत नेस्लेच्या साहाय्याने चालला असल्याची तक्रार वर्ध्यात जन्मलेल्या त्या संस्थेने केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही त्यात कायद्याचा भंग झाल्याचे मत नोंदविले. कंपनीने आक्षेप मान्य केला नाही. या कायद्याखाली जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पाच हजारांत आज मोठ्या शहरातल्या हॉटेलात एका परिषदेच्या चहाचेही भागत नाही. 'लॅन्सेट'ने २०२३ साली या विषयावर लेखमाला छापली, तेव्हा जगातील या दुधाची वार्षिक विक्री सुमारे ५५ अब्ज डॉलर सांगितली होती.

तक्रार करणाऱ्या संस्थेने स्वतःपुरता नियम सुरुवातीपासून सोपा ठेवला आहे : बालअन्न, बाटल्या आणि तत्सम माल बनविणाऱ्यांचा पैसा घ्यावयाचा नाही. सोपा म्हणजे स्वस्त नव्हे. आरोग्यसंस्था चालविणाऱ्या कोणालाही विचारावे. मार्च महिना जवळ येतो, पगार थकलेले असतात, आणि टेबलावर एक पत्र येऊन पडते. पत्र अतिशय सभ्य असते. अट कोणतीच नसते. ते पत्र परत पाठविण्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

हा प्रश्न दुधापुरता नाही. जगातील अत्यंत धनाढ्य आरोग्य-प्रतिष्ठानांपैकी एक म्हणजे गेट्स प्रतिष्ठान. त्याच्या पैशाने कोट्यवधी मुलांना लसी मिळाल्या, याबद्दल दुमत नसावे. पण जानेवारी २००७ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने दाखवून दिले की, नायजेरियातील ज्या भागात प्रतिष्ठान मुलांना लस टोचीत होते, त्याच भागात आकाशात धूर सोडणाऱ्या तेलकंपन्यांत त्याचा निधी गुंतलेला होता. एका हाताने औषध आणि दुसऱ्या हातात धुराचा नफा. पुढे कोकाकोला आणि मॅकडोनाल्ड यांच्या समभागांवरूनही टीका झाली. निधीची गुंतवणूक पाहणारा न्यास वेगळा आणि खर्च करणारे प्रतिष्ठान वेगळे, अशी रचना तेथे आहे. तिचा हेतू शुद्ध असला, तरी तिने दोन हातांना एकमेकांचे काम न पाहण्याची मुभाही मिळते. तंबाखूच्या कंपन्यांत मात्र त्यांनी पैसा ठेवला नाही. म्हणजे रेघ ओढता येते, हे त्यांनाही मान्य होते. ती कोठे ओढावयाची, एवढाच वाद उरला.

येथे एक आक्षेप येणे रास्त आहे, आणि तो वाचनालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने आला तर अधिकच रास्त. या सीमाभागातील जुनी मराठी वाचनालये कशावर उभी राहिली? व्यापाऱ्यांच्या, वखारवाल्यांच्या, संस्थानिकांच्या देणग्यांवर. स्मरणिका निघते ती जाहिरातींच्या पानांवर. मग पैसा पाहून नाक मुरडणे हे ढोंग नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. धुतलेल्या पैशाची टांकसाळ कोठेच नाही. परंतु व्यापाऱ्याने कपाट दिले आणि त्याच्या नावाची पितळी पट्टी त्यावर बसली, तरी कपाटात कोणती पुस्तके यावीत हे ग्रंथपाल ठरवितो. आणि त्या व्यापाऱ्याच्या धंद्यावर टीका करणारे पुस्तक त्याच कपाटात ठेवता येते. ज्या दिवशी ते ठेवताना ग्रंथपालाचा हात अडखळेल, त्या दिवशी कपाटाची किंमत वाचनालयाने चुकती केली असे समजावे. आरोग्यसंस्थेचे तसेच आहे, फरक इतकाच की तेथे कपाटात न ठेवलेल्या पुस्तकाची किंमत वाचकाला मोजावी लागत नाही. तान्ह्या मुलाला मोजावी लागते, आणि त्याला तक्रार करता येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. अंगावरच्या दुधाची थोरवी गाणाऱ्यांनी बायकांवर ओझे टाकले आहे. पगारी बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली, पण ती नोकरदार बाईला. कलघटगीच्या परिसरात भाताच्या लावणीला जाणाऱ्या बाईच्या रजेचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्या आईला दूध येत नाही किंवा जिला आजारामुळे पाजता येत नाही, तिला डबा हवा आणि तो निर्मळ, चांगला, परवडणारा हवा. कायद्याने डबा बंद केलेला नाही. त्याने फक्त त्याची वाजंत्री बंद केली. दोष द्यावयाचा तो आईला नव्हे.

तो कोठे शोधावा, याची खूण सरकारी आकड्यांत सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती, आणि जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतले गेलेल्या मुलांचे प्रमाण मात्र ४१.८ टक्के होते. घरच्या सुईणीच्या काळात चीक पिळून टाकण्याची खुळी चाल होती, तिच्यावर सुशिक्षितांनी पुष्कळ लिहिले. आता बाळ जन्मते ते पांढऱ्या कपड्यांतील जाणत्या माणसांच्या देखत. शस्त्रक्रियेची बाळंतपणे, अपुऱ्या परिचारिका, गर्दी अशी कारणे त्यामागे आहेत आणि ती खरी आहेत. त्या कारणांच्या रांगेत डब्याचे स्थान कितवे, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्या दवाखान्याला आणि त्या डॉक्टरांच्या संघटनेला तेव्हाच राहतो, जेव्हा त्यांच्या परिषदेचा मंडप दुसऱ्या कोणी उभारलेला नसतो.

औषधाच्या दुकानांतील फळीवर आजही तो डबा असतो. कायद्याप्रमाणे त्यावर बाळाचे चित्र नसते. सूचना ठळक छापलेली असते. दुकानदार तो आपणहून पुढे करीत नाही, करण्याची त्याला मुभाही नाही. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे सरकवते, तो ती वाचतो आणि डबा खाली काढतो. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, पदव्या आणि दवाखान्याच्या वेळा छापलेल्या असतात.